नांगराच्या दोराला डोळा घालताना : आय स्प्लाइसचा माझा अनुभव

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे दोर तपासायला हाच काय तो सवडीचा काळ. यंदा नांगराच्या 16 मिमी तीन पेडी नायलॉन दोराला नवा डोळा घालायला घेतला. डोळा म्हणजे टोकाचा कायमचा फास; टोक वळवून त्याचे पेड दोरातच ओवून तो करतात, त्यालाच आय स्प्लाइस म्हणतात. इंग्रजी पुस्तकातला एकेक शब्द पाठ न करता दोर हातात धरूनच समजून घ्यायचा, असं ठरवलं होतं.

पहिला गोंधळ मापाचा. जुन्या इंग्रजी पुस्तकांत दोर 'दोन इंची' म्हटला तर ते माप घेराचं असतं, जाडीचं नव्हे. दोन इंच घेर म्हणजे जवळपास 16 मिमी जाडी. हे माहीत नसेल तर थिंबल तिप्पट मोठं घेऊन याल. थिंबल म्हणजे डोळ्याच्या आत बसणारी, बाहेरून खोबण असलेली जस्ताची कल्हई केलेली कडी. इथे मालवणला तळाशी खडक, म्हणून नांगराला आधी साखळी आणि मग दोर. जोडावर दोर लोखंडाला घासून झिजू नये म्हणून थिंबल हवंच. लांबी फॅदममध्ये दिलेली असते, पण तो शब्द परका वाटायचं कारण नाही: फॅदम म्हणजे 6 फूट, दोन्ही हात पसरून मोजलेली आपली वावच.

दोराचं टोक उकललं की यार्न आणि स्ट्रँड डोळ्यांनीच दिसतात. तंतू पिळून यार्न होतं, यार्न उलट्या दिशेने पिळले की स्ट्रँड, म्हणजे पेड, आणि तीन पेड पुन्हा उलट पिळले की दोर. दर पायरीला दिशा उलटते, म्हणून एक पीळ सुटायला बघतो तेव्हा दुसरा आवळतो. ह्या पिळालाच ले म्हणतात. दोर उभा धरल्यावर पेड खालच्या डाव्या बाजूकडून वर उजवीकडे चढत असतील तर तो राइट हँड ले. बाजारात बहुतेक हाच मिळतो.

टोकापासून 40 सेंमीवर सुतळी आवळून बांधली, तिथपर्यंत पेड सुटे केले आणि प्रत्येकाचं टोक चिकटपट्टीने गुंडाळलं. मग दोर थिंबलभोवती घट्ट बसवला. उभ्या दोराचा, म्हणजे न उकललेल्या मुख्य दोराचा पेड उचलायला फिड, म्हणजे लाकडाची निमुळती खुंटी वापरली. स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, त्याच्या कडेने तंतू तुटतात.

सुट्या पेडांपैकी मधला पेड उभ्या दोराच्या एका पेडाखालून, पिळाच्या विरुद्ध, उजवीकडून डावीकडे. डावा पेड त्याच पेडावरून आणि पुढच्याखालून. आता दोर पालथा करून तिसरा पेड उरलेल्या पेडाखालून. चूक हमखास इथेच होते. दोर उलटा धरलेला असल्यामुळे हात डावीकडून उजवीकडे जातो, पण ह्या बाजूनेही पेड उजवीकडूनच आत गेला पाहिजे. तपासणी सोपी आहे: तिन्ही टोकं तीन वेगळ्या फटींतून, एकाच पातळीवर बाहेर आली पाहिजेत. दोन टोकं एकाच फटीत दिसली तर निमूट सोडवा, पुढे ओढून ते सरळ होत नाही.

अशा एका फेरीला टक म्हणतात. ओवताना पेडाचा स्वतःचा पीळ सुटू देऊ नका. सुटला तर पेड चपटा पडतो आणि त्याच्यावर सारखा ताण येत नाही. काथ्या किंवा मनिला अशा वनस्पतीच्या तंतूंच्या दोराला तीन टक पुरतात, ते तंतू खरखरीत असतात. नायलॉन गुळगुळीत, ते झटक्याने निसटतं, म्हणून किमान पाच. शेपट्या अगदी मुळाशी कापू नका. बोटभर राखून टोकं विस्तवाने वितळवा, आणि वितळलेल्या नायलॉनला हात लावू नका, ते कातडीला चिकटतं. शेवटी डोळ्याचा भाग पायाखाली लाटून घेतला की टक बसतात.

एवढी खटपट कशासाठी? गाठीत दोर तीव्र वळतो आणि ताकद जवळपास निम्म्यावर येते. नीट घातलेल्या स्प्लाइसमध्ये ती 90 टक्क्यांच्या आसपास टिकते.

दोराचं होडीवरचं टोक म्हणजे बिटर एंड. इथे बिटरचा कडवटपणाशी संबंध नाही. दोर बांधायच्या खुंटाला बिट म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. नांगर टाकण्याआधी हे टोक खुंटाला बांधलंय ना, ते बघून घ्या.