तोडलं नाही, खरवडलं

घर घेतलं डिसेंबरमध्ये. पुण्यात सहकारनगरला, १९८१ सालच्या बिल्डिंगमधला दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके, लिफ्ट नाही, पण गॅलरीतून पर्वती दिसते आणि खिडक्या एवढ्या मोठ्या आहेत की दुपारभर दिवा लावावा लागत नाही. त्याच पैशात नवीन फ्लॅट मिळत होता तो गावाबाहेर, आणि मुलीची शाळा, आईचं घर, आमची दोघांची ऑफिसं सगळं इकडे, त्यामुळे जुनंच घ्यायचं हे ठरलेलं होतं. घेण्याआधी सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागितला, तीस वर्षांच्या पुढच्या इमारतींना दर तीन वर्षांनी तो करायचा असतो, आणि तुम्ही जुनं घर बघत असाल तर रंग आणि फरशी बघायच्या आधी हा कागद बघा एवढं मी कळकळीने सांगेन.

पहिल्यांदा ज्या कॉन्ट्रॅक्टरला घर दाखवलं त्याने दारातूनच एक नजर फिरवली आणि म्हणाला, ताई, हे सगळं तोडून टाकू. फरशी काढा, दारं काढा, कडप्प्याचा ओटा काढा, वरून पीओपी करा म्हणजे नव्यासारखं होईल. आकडा सांगितला सव्वासहा लाख. आमच्याकडे स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, सोसायटीची ट्रान्स्फर फी सगळं भरून झाल्यावर दीड लाखाच्या आसपास उरले होते आणि जानेवारीपासून हप्ता सुरू. (घर माझ्या नावावर घेतलं, बायकांना स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत आहे आपल्याकडे, ती रक्कम पुढे वायरिंगला कामाला आली.)

पण खरं सांगायचं तर पैसे असते तरी मला ते तोडवलं नसतं. सागवानी दारं, मोझॅकची फरशी, स्वयंपाकघरात भिंतीतलं फडताळ, खिडकीला पितळी कड्या, हे आता कोण करून देतं? मळलेलं होतं, चार-पाच थरांच्या रंगाखाली दबलेलं होतं, पण मोडलेलं काहीच नव्हतं. मग आम्ही दोघांनी ठरवलं की ज्याच्याशी जीव आणि पाणी निगडित आहे ते माहीतगाराकडून करून घ्यायचं, त्यात कंजूषी करायची नाही, आणि डोळ्याला दिसणारं बाकी सगळं आपण शनिवार-रविवारी हाताने करायचं, कितीही महिने लागोत.

त्यामुळे पहिला खर्च झाला तो कुणाला दिसतही नाही. मीटरखाली चिनी मातीचे किटकॅट फ्यूज होते, सॉकेट तीन पिनांचे पण वरच्या भोकात आर्थिंगची वायरच नाही. म्हणजे गिझर आणि वॉशिंग मशीन आर्थिंगशिवाय चाललेलं इतकी वर्षं. लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलावून पूर्ण वायरिंग बदललं, एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारे स्विच) बसवले आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, जो कुठे करंट गळायला लागला की क्षणात लाईट बंद करतो. वायर आणि स्विच आम्ही स्वतः तपकीर गल्लीतून आणून दिले, त्यात बरेच वाचले. हे आणि प्लंबिंग मिळून ८६ हजार गेले. एकूण खर्च १ लाख ४१ हजार, म्हणजे अर्ध्याहून जास्त पैसे भिंतीच्या आत आहेत, आणि आलेल्या प्रत्येकाला मी ते आधी सांगते.

प्लंबिंगची गोष्ट ओलीमुळे निघाली. बेडरूमची एक भिंत खालून दोन हात पोपडे धरलेली, खार फुटलेला, हात लावला की पांढरी पावडर. आधीच्या लोकांनी त्यावर दर दिवाळीला रंग मारलेला असणार, कारण खरवडताना पोपटी, मग गुलाबी, मग निळा, मग पांढरा असे थर निघाले. कॉन्ट्रॅक्टर म्हणालेला यावर प्लाय मारून वॉलपेपर लावू. पण पाणी येतंय कुठून हे कळल्याशिवाय झाकून काय उपयोग, आत प्लाय कुजणार आणि ओल वर वर चढत जाणार. वरच्या मजल्यावरचे आजोबा सिव्हिलमधले, रिटायर्ड, त्यांनी एक साधी युक्ती सांगितली. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा घ्यायचा, चारही बाजूंनी भिंतीला टेपने घट्ट चिकटवायचा आणि दोन दिवस ठेवायचा. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे आले तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरच्या बाजूला आले तर तो हवेतला दमटपणा. आमच्याकडे आतून निथळत होतं. पलीकडे बाथरूम, तिथल्या न्हाणी ट्रॅपचा, म्हणजे फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचा, सांधा गेलेला. तेवढाच भाग उघडून प्लंबरने नवीन ट्रॅप बसवला, वॉटरप्रूफिंग केलं, दोन दिवस पाणी तुंबवून बघितलं.

त्यानंतर मात्र धीर धरावा लागतो आणि तो आमच्या घरात फक्त आईकडे आहे. भिंत लगेच वाळत नाही. गिलावा ठिसूळ झाला होता तेवढा काढून नवीन भरला, खार कोरड्या ब्रशने झाडून काढला (धुवायचा नाही, पाण्याने तो विरघळून परत भिंतीत शिरतो) आणि तीन महिने पंखा लावून भिंत उघडी ठेवली. मग त्या भिंतीला प्लॅस्टिक रंग दिलाच नाही, चुना दिला. कळीचा चुना भिजवून, गाळून, थोडा डिंक घालून, पातळ पातळ चार हात. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडू शकते, प्लॅस्टिक रंगाखाली ती कोंडते आणि परत पोपडे. चुना विरताना उकळतो आणि डोळ्यात गेला तर वाईट, तेव्हा चष्मा आणि हातमोजे घालूनच करा आणि लहान मुलं लांब ठेवा. आता ती भिंत सकाळच्या उन्हात इतकी शांत पांढरी दिसते की बाकीच्या भिंतींपेक्षा मला तीच जास्त आवडते.

फरशी. मोझॅकबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे कारण ती सगळीकडे तोडून त्यावर चकचकीत टाईल्स टाकताना बघते आणि वाईट वाटतं. मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे घालून केलेली फरशी, वरून घासून सपाट केलेली. ती मळते, पण मळ वरच्या थरात असतो, घासला की खालून तीच फरशी नवी निघते, चाळीस वर्षांनीसुद्धा. फक्त तिच्यावर बाथरूम साफ करायचं ॲसिड कधीही ओतू नका. संगमरवर आणि सिमेंट दोन्ही ॲसिडने खाल्लं जातं, फेस येतो तो मळाचा नसतो, फरशीचाच असतो. आमच्याकडे बेसिनजवळ कुणीतरी ते केलेलं होतं, तिथे फरशी खरखरीत झालीय आणि आता तशीच राहणार.

मी आधी एका कोपऱ्यात हाताने घासून बघितलं, दोन तासात जेमतेम एक फरशी झाली, तेव्हा हे काम मशीनवाल्याला दिलं. तो पॉलिशचे दगड लावून जाड्यापासून बारीकपर्यंत टप्प्याटप्प्याने घासतो, मध्ये पाणी, शेवटी ऑक्झॅलिक पावडर. घरभर राखाडी चिखल होतो, त्यामुळे सामान आणायच्या आधीच करा. ३८० चौरस फूट, ३० रुपये दराने, ११ हजार ४०० रुपये. फुटलेल्या तीन फरशांच्या फटी मी आधीच भरून ठेवल्या होत्या, पांढऱ्या सिमेंटमध्ये थोडा काळा आणि थोडा पिवळा ऑक्साईड मिसळून, आधी पुठ्ठ्यावर वाळवून रंग जुळतो का बघून. शेवटचं पाणी पुसलं आणि खालून हिरवट, तपकिरी, पांढरे तुकडे वर आले तेव्हा आई म्हणाली, अगं ही तर आपल्या जुन्या घरातलीच फरशी. आणि खरंच, माझं लहानपण असल्याच फरशीवर सागरगोटे खेळण्यात गेलंय.

कडप्प्याच्या ओट्याचं थोडक्यात सांगते. तोही चुनखडीचाच दगड, त्यामुळे लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडलं की पांढुरके डाग पडतात. बारीक वॉटर पेपरने पाणी लावून घासला, वाळवला आणि फडक्याने खोबरेल तेलाचा हात फिरवला, काळाभोर झाला. महिन्यातून एकदा तेल पुसते. डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या, पांढऱ्या टाईल्सचे सांधे काळे पडले होते, जुन्या स्क्रू ड्रायव्हरने कोरून पांढरं सिमेंट भरलं. दोन संध्याकाळी आणि दीडशे रुपये.

दारं-खिडक्यांनी मात्र सगळ्यात जास्त वेळ खाल्ला, जवळजवळ दोन महिने. आणि इथे एक गोष्ट नीट वाचा कारण ती मलाही उशिरा कळली. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम २०१६ सालचा आणि लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून, म्हणजे १९८१ च्या दारावरच्या थरांमध्ये काय काय आहे याची काही खात्री नाही. तो रंग कोरडा घासला की धूळ उडते, ती लहान मुलांच्या पोटात जाणं सगळ्यात घातक. मी एक दार कोरडंच घासायला घेतलं होतं, मुलगी तिथेच बसून चित्र काढत होती, आणि त्याच रात्री हे वाचल्यावर मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सगळं ओल्या फडक्याने पुसून काढलं, मुलीला आईकडे पाठवलं, चांगला मास्क आणला आणि पुढे एकही दार कोरडं घासलं नाही. पेंट रिमूव्हर लावायचा, रंग फुगला की ओला असतानाच पत्रीने (खरवडायच्या चपट्या पात्याने) ओढायचा, निघालेला लगदा वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत बंद. खिडक्या उघड्या, हातात रबरी मोजे.

आणि मग चॉकलेटी ऑइल पेंटखालून साग दिसायला लागला. पहिला हातभर पट्टा मोकळा झाला तेव्हा नवऱ्याने काम थांबवून नुसता हात फिरवला त्यावर. एका शब्दाने काही बोलला नाही, पण त्यानंतर रविवारी मला उठवायची वेळ त्याच्यावर आली, माझ्यावर नाही. मोकळ्या लाकडाला १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर, रेषांच्या दिशेने, आडवा कधीच नाही. मग जवसाचं तेल, दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं, पहिल्या हाताला निम्मं टर्पेंटाईन घालून, पुढचे दोन हात नुसतं तेल, लावून वीस मिनिटांनी जादाचं पुसून काढायचं नाहीतर चिकट राहतं. पुसलेली फडकी बोळा करून टाकू नका! जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि ती उष्णता साठून बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. आम्ही गॅलरीच्या कठड्यावर पसरून पूर्ण वाळवायचो, मग टाकायचो.

पितळी कड्या, बिजागऱ्या चिंचेने घासल्या. दोन बिजागऱ्या कमी होत्या त्या जुन्या बाजारात मिळाल्या, बुधवारी आणि रविवारी भरतो तिथे, तीन रविवार घालवल्यावर. नवीन स्क्रू बोहरी आळीतून.

रंगकामाचं फार सांगत नाही, त्याची माहिती सगळीकडे आहे. जुनं डिस्टेंपर असेल तर तळहात फिरवून बघा, हाताला पावडर लागली तर त्यावर काहीही टिकणार नाही, पाणी मारून सगळं खरवडावंच लागतं. मग लांबीचे (पुट्टीचे) दोन हात, घासणं, प्रायमर, रंगाचे दोन हात. वर चढायला घोडा (शिडी) शेजारच्या काकूंनी दिला. सगळं सामान १९ हजारात झालं. रंग डब्यावरच्या कार्डावरून ठरवू नका, भिंतीवर वहीच्या पानाएवढा लावून सकाळी आणि रात्री दिव्याखाली बघा, आम्ही निवडलेला फिकट पिवळा रात्री हिरवट दिसत होता म्हणून तो रद्द केला.

पडदे आजीच्या नऊवारीचे. नऊवार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर, दारापुरत्या उंचीचे तीन पडदे एका लुगड्यात बसतात, काठ दोन्ही बाजूंना उभे येतील असे. सुती लुगडी, धुवून धुवून मऊ झालेली, पेटीत पडून होती. उन्हाने विरू नयेत म्हणून मागून जुन्या चादरींचं अस्तर लावलं. आईने स्वतः मशीनवर बसून शिवले, मला हात लावू दिला नाही. संध्याकाळी वारा आला की जांभळा काठ फरशीवर हलतो आणि ती तिकडे बघत बसते.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला तेव्हा पहिले आठ दिवस मी रोज सकाळी उठून त्या चुन्याच्या भिंतीला हात लावून बघायचे. कोरडी आहे. गॅलरीच्या वरच्या कोपऱ्यात मात्र एक बोटभर ओलीचा डाग दिसलाय, तो बाहेरच्या भिंतीच्या चिरेतून येतोय, सोसायटीला अर्ज दिलाय आणि दिवाळीपर्यंत तिथे मी काहीच लावणार नाही. फडताळाची दोन दारं अजून चॉकलेटीच आहेत, दमट हवेत तेल वाळत नाही त्यामुळे तीही दिवाळीनंतर. आणि हॉलच्या खिडकीची एक कडी अजून मिळाली नाहीये, चार इंची, पितळी, टोकाला गोल गोटी असलेली. जुन्या बाजारात नाही मिळाली. कुणाच्या माळ्यावर तशी पडलेली असेल तर मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन.