जाम बिजागऱ्या आणि गंजलेले बोल्ट: जीपची दारं उतरवताना

जुन्या जीपची दोन्ही दारं उतरवायची होती. चार बिजागऱ्या, प्रत्येकीला खांबाच्या (दार जिथे टांगलेलं असतं त्या बॉडीच्या उभ्या भागाच्या) बाजूने तीन बोल्ट, म्हणजे एकूण बारा. अकरा शाबूत निघाले, एक तुटला. काम चार दिवस चाललं आणि पहिले दोन दिवस एकाही बोल्टला पाना लावला नाही. अकरा शाबूत निघाले ते त्या दोन दिवसांमुळेच, हे माझं ठाम मत आहे.

पुण्यातली ऑफ-रोड गाडी पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणीच्या चिखलात जाते आणि हिवाळ्यात दिवेआगरच्या वाळूत. चिखलाबरोबर पिनीभोवतीचं ग्रीस निघून जातं, खारं पाणी आट्यांत शिरतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे नट आणि बोल्टमधली फट भरून जाते. अशा वेळी नुसता जोर लावला तर बोल्ट फिरत नाही, पिळवटतो. बिजागरीचंही तसंच. पिन जाम असताना दार ओढत राहिलं की खांबाचा पत्रा वाकतो. बिजागरीच्या कडेला रंगावर केसाएवढी चीर दिसली, तर ते दार त्याच क्षणी वापरायचं थांबवा.

आधी बिजागरीची बाहेरची कड खांबावर सुईने कोरून घेतली, म्हणजे परत बसवताना दाराची जागा चुकत नाही. मग तारेच्या ब्रशने बोल्टची डोकी चकचकीत होईपर्यंत घासली. खांबाच्या आतलं कव्हर काढणं कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. वेल्ड केलेला नट आत असतो आणि तेल तिथूनच खरं पोचतं. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगलं, पण मुरलेल्या गंजाला खास गंज सोडवणारं तेल हवं. मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन समसमान घेतलं. दोन्ही पटकन वेगळी होतात, म्हणून दर वेळी बाटली हलवायची. अ‍ॅसिटोन रंग उचलतं, तेव्हा आजूबाजूला टेप लावायची. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन थेंब, आणि प्रत्येक वेळी डोक्यावर पितळी दांडा धरून अर्धा किलोच्या हातोडीचे पंधरा-वीस हलके ठोके. या हादऱ्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत ओढलं जातं. दुसऱ्या संध्याकाळी कडेने चहाच्या रंगाचं तेल पाझरायला लागलं. तेल आत मुरल्याची ही चांगली खूण.

पान्याबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची. जुन्या जीपला इंची आणि मिमी बोल्ट मिसळलेले असतात, कारण मधल्या काळात कोणीतरी जे हाताला लागलं ते बसवलेलं असतं. अर्ध्या इंची डोकं म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ ची गोटी (सॉकेट) बसते, पण ०.३ मिमी सैल, आणि जाम बोल्टचे कोपरे गोल व्हायला तेवढं पुरतं. व्हर्निअरने मोजा, आणि गोटी सहाकोनी घ्या, बाराकोनी नको. अशी सुटी गोटी बोहरी आळीत मिळते.

दाराखाली फळी टाकून जॅक लावला, म्हणजे वजन बोल्टवर राहत नाही. आता पाना. पहिली हालचाल सोडवण्याची नाही, किंचित आवळण्याची. 'टक्' असा कोरडा आवाज आला की गंजाची पकड तुटली. मग पाव फेरा सैल, थोडा मागे घट्ट, परत तेल, परत पाव फेरा. बोल्ट आवाज न करता रबरासारखा फिरला आणि हात सोडल्यावर परत आला, तर तो सुटत नाही, पिळतो आहे. तिथेच थांबा. माझा एक तुटला तो याच ठिकाणी आणखी एक झटका दिल्यामुळे.

हट्टी तिघांना उष्णता दिली. आधी तेल-अ‍ॅसिटोन पूर्ण पुसून वाळवलं, कारण ते झटकन पेट घेतं. ब्रेक क्लीनर मारून ज्योत लावायची तर मुळीच नाही. क्लोरिनवाल्या क्लीनरपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. आतल्या नटाला गॅस टॉर्च दाखवला. ८ मिमीचं भोक ३०० अंशांनी तापलं की जेमतेम ०.०३ मिमी मोठं होतं, पण गंज फोडायला तेवढं बास आहे. तापल्यावर मेणबत्ती टेकवली की मेण विरघळून आट्यांत शिरतं.

तुटलेल्या बोल्टवर वॉशर आणि त्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्ड मारला, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून. लाली गेल्यावर पान्याने हळूच हलवला आणि निघाला. निघाला नसता तर मधोमध पंच मारून ३, मग ५, मग ६.८ मिमीचा ड्रिल आणि ८ मिमीचा टॅप (आटे पाडायचं हत्यार). तुटका बोल्ट आतून पकडून काढणारा बारीक एक्स्ट्रॅक्टर मात्र शेवटचा उपाय समजा. तो कडक पोलादाचा असतो, आत मोडला की साध्या ड्रिलला दाद देत नाही.

बिजागऱ्या व्हाइसमध्ये धरून पिन खालून वर ठोकल्या. त्यातली एक पिन तासभर तेलात ठेवून थोडीथोडी पुढे-मागे फिरवावी लागली. बिजागरीचा गाळा (पिन ज्यातून जाते ती नळी) पुरेसा जाड होता, म्हणून मधोमध ५ मिमीचं भोक पाडून ६ मिमीचा टॅप मारला आणि ग्रीस निपल (पंपाने ग्रीस भरायचं तोंड) बसवला. पातळ गाळ्याला हे करू नका. तिथे ३ मिमीच्या भोकातून ग्रीस भरून ते बुजवलं तरी चालतं.

नवे बोल्ट ८.८ ग्रेडचे, जस्ताचा मुलामा दिलेले, नाना पेठेतून. स्टेनलेस टाळले, कारण त्यांचे आटे आवळताना घासून एकमेकांत अडकतात. आट्यांना ते पुन्हा जाम होऊ नयेत म्हणून तांब्याची अँटी-सीझ पेस्ट लावली. पेस्टने घर्षण कमी होतं, म्हणून ८ मिमीचा बोल्ट नेहमीच्या २५ ऐवजी २० न्यूटन-मीटरलाच आवळला. दार खुणेवर बसवलं, कडेची फट वर-खाली सारखी केली, आणि १०० किलोमीटरनंतर बाराही बोल्ट पुन्हा तपासले. दोन किंचित सैल झाले होते. समुद्रावरून आल्यावर आता बिजागऱ्या गोड्या पाण्याने धुऊन निपलमध्ये दोन-तीन पंप ग्रीस मारतो, जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत.