कुठे गेल्या होत्या?

मंगळवार, रात्री

काल नाटक सुटायला दहा वाजून गेले. त्या वेळी सिटी बस मिळण्याची आशा नव्हती, म्हणून इंदूरच्या खंडवा रोडवरून वाचनालयातल्या काकूंबरोबर रिक्षा केली. त्या अन्नपूर्णा मंदिरापाशी उतरल्या आणि तिथून सुदामा नगर येईपर्यंत मी मनातल्या मनात उत्तर जुळवत राहिले : शेवटचा अंक लांबला, पावसात रिक्षा थांबेना, रात्रीची गोळी पर्समध्ये होती ती मध्यंतरात घेतली. जिना चढून कुलूप काढले, दिवा लावला, ओल्या चपला मोरीत ठेवल्या, तोवर हे सगळे तोंडात तयार होते. विचारायला मात्र खोलीत कोणी नव्हते. हे मला ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? तरीही मी पलंगावर तशीच बसून राहिले आणि कोणीतरी माझा पाणउतारा केला आहे असे मला वाटत राहिले. नाटक चांगले होते. त्याबद्दल लिहिणार होते, ते आता राहिले.

मला कोणी काही विचारू नये यासाठी मी केवढी भांडले आहे! आधी राहत होते त्या संस्थेच्या घरात दाराशीच वही असे. बाहेर जाताना नाव, वेळ, कुठे, कशासाठी; परत आल्यावर पुन्हा वेळ आणि सही. पेन सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेले, आणि सुतळी इतकी आखूड की सही करताना प्रत्येकीला कमरेत वाकावे लागे. ‘कशासाठी’च्या रकान्यात मी एकदा ‘हवा खायला’ असे लिहिले, त्यावरून मदतीला असलेल्या मावशींनी माझी तक्रार केली. आठच्या आत परत यायचे हा नियम होता. एकदा मी साडेआठला पोहोचले, तर त्याच घरातल्या माई दारात उभ्या. त्या माझ्यासाठी जाग्या राहत आणि जाग्या राहिल्याबद्दल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ऐकवत. मी काय तुरुंगात आहे का, असे मी तेव्हा संस्थेच्या ताईंना विचारले होते. ताई शांतपणे म्हणाल्या, की स्वतःच्या घरी राहायला गेलात की मनाला येईल तेव्हा या. त्या वाक्यावर मी कितीतरी महिने जगले. स्वयंपाकाची पाळी, खरगोनच्या बाईचे डोळ्यांतून पाणी काढणारे तिखट, चौघींच्या चहाचे जड पातेले, हे सगळे मी त्या एका वाक्याच्या जोरावर सहन केले, आणि आता ते वाक्य खरे झाले आहे तर मी अशी तोंड पाडून बसले आहे.

त्याआधीचे प्रश्न निराळे होते. सरवटे बसस्थानकाच्या बाहेर रात्र काढणाऱ्या बाईला येणारा-जाणारा विचारतो : कुठली, कोणाची, इथे का. उत्तरासाठी कोणी थांबत नाही. तिथून उठवण्याची ती एक रीत असते. रैन बसेऱ्यात, म्हणजे रात्रीच्या निवाऱ्यात, आधार कार्ड आहे का एवढेच विचारले आणि नाही म्हटल्यावर सही घेऊन खाट दाखवली. पुढे ताईंच्या कपाटातली परिपत्रके वाचायची मला खोड लागली, तेव्हा कळले की 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात अशा निवाऱ्यांसाठी माणशी 50 चौरस फूट जागा आणि 1 लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांची कायमची सोय धरलेली होती. एका पिशवीला पुरेल एवढ्या जागेत दिवस काढलेल्या बाईला ते 50 चौरस फूट वाचून हसू आले.

त्याच कपाटात 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही होता. घरचे नेत नाहीत किंवा माणसाला घरच नाही, एवढ्याच कारणासाठी कोणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही आणि समाजात राहण्याचा त्याला हक्क आहे, असे त्याच्या 19 व्या कलमात म्हटले आहे. (मला न्यायला कोण आले नाही, हे आज लिहायचे नाही. देवासचा विषय आज नकोच.) चेन्नईच्या ‘द बॅनियन’ या मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या संस्थेने 2015 पासून ‘होम अगेन’ या नावाने चार-पाच जणींनी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहायचे आणि हाताशी मदतीला एक बाई ठेवायची, असा प्रयोग चालवला, पुढे तो रत्नागिरीतही झाला. आमचे घर त्याच धर्तीवरचे आहे, असे ताई पाहुण्यांना कौतुकाने सांगत. सगळे योग्यच आहे. परंतु उशिरा आलेल्या बाईसाठी कोणीतरी जागे असावे, हे कोणत्या कलमात बसवणार?

आज सकाळी मालकीणबाईंनी जिन्यातच गाठले. “काल कुठे गेल्या होत्या? फारच उशीर केला.” आणि मला काय व्हावे? चक्क राग आला. ज्या प्रश्नासाठी रात्रभर तळमळले तो समोर येऊन उभा राहिला, तर “काम होते” असे तुटक उत्तर देऊन मी खाली उतरले. भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यायची म्हणून त्यांनी माझ्याकडून कागद भरून घेतला होता, त्यात आधीचा पत्ता म्हणून संस्थेचा पत्ता आहे. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक चौकशीत मला तो पत्ता दिसतो. कदाचित त्यांच्या मनात तसे काही नसेलही; सून माहेरी गेली आहे, दिवसभर बोलायला कोणी नाही, एवढेच असेल.

खाली कचरागाडी गाणे वाजवत उभी होती. माझ्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत चहाचा चोथा आणि एका कांद्याची साले, त्यामुळे ती पुढे करताना मला नेहमीच थोडे ओशाळल्यासारखे होते. गाडीवरच्या मुलाने ती घेता घेता विचारले, “अम्मा, कल नहीं आईं आप?” मी म्हटले, “सो गई थी.” तो “अच्छा” म्हणाला आणि गाडी पुढे गेली. या उत्तराचे मला काहीच ओझे वाटले नाही. याचा अर्थ मला प्रश्न हवा आहे, पण त्यामागे वही नको, आधीचा पत्ता नको, उपदेश नको. शिवाय विचारणाऱ्याने माझ्यासाठी जागेही राहावे आणि तसे बोलून दाखवू नये. लग्नाच्या जाहिरातीसुद्धा याहून कमी मागतात.

समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंबनोंदणीत, आता माझे स्वतंत्र कुटुंब आहे. कुटुंबाचा क्रमांक 8 अंकी, सदस्याचा 9 अंकी, सदस्य एकच आणि मुखियाही मीच. मुखियाला घरात कोणी जाब विचारत नाही, ही पद्धत तर आपल्याकडे जुनीच आहे. आमच्या घरातही तसेच होते, फक्त तेव्हा मुखिया दुसरे कोणी होते.

राहता राहिली दुसरी किल्ली. संस्थेत ठेवलेली ती किल्ली ताईंनी मागच्या महिन्यात परत आणून दिली आणि पोच म्हणून सही घेतली. ती तेव्हापासून डाळीच्या डब्यामागे पडून आहे. एक किल्ली कोणाकडे तरी असू द्या, तापाबिपाने पडलात तर दार फोडायची वेळ येऊ नये, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खोटे नाही. मालकीणबाईंना द्यायचे माझ्या मनात येत नाही. वाचनालयातल्या काकू स्वतःचा चष्मासुद्धा सांभाळू शकत नाहीत. माईंना द्यावी, तर त्या दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून येतील, माझे डबे त्यांच्या क्रमाने लावतील, डाळ निवडलेली नाही म्हणतील आणि मी पोळ्या लाटायच्या कामावरून येईपर्यंत पलंगावर ठाण मांडून बसतील. रविवारी त्यांच्याकडे जायचेच आहे. किल्ली बरोबर नेईन. द्यायची की नाही, ते त्या दिवशी त्या किती बोलतात त्यावर ठरवीन.