सोलापुरातल्या बालगृहात आठवड्यातून तीन संध्याकाळी

सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी ५ ते ८ मी इथे स्वयंसेवक म्हणून जाते. मुलींचं बालगृह, २२ प्रवेशित, वयं ७ ते १७. ('प्रवेशित' म्हणजे इथे राहणाऱ्या मुली. सरकारी कागदावरचा शब्द, पण चार दिवसांत तोंडात बसतो.) बहुतेकींना आई किंवा वडील, कुणीतरी आहे. त्यामुळे 'अनाथाश्रमात जाते' असं कुणी म्हटलं की मी आधी तो शब्द दुरुस्त करते. मुली इथे येतात त्या बालकल्याण समितीच्या आदेशावर, आणि परत जातात त्याही आदेशावरच.

आत शिरायला तीन आठवडे लागले. अधीक्षकांच्या नावे अर्ज, आधारची प्रत, दोन ओळखीच्या माणसांची पत्रं, पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आणि बालसंरक्षण धोरण वाचल्याचं सही केलेलं हमीपत्र. सगळ्यात जास्त वेळ पडताळणीने खाल्ला, कारण आधारवर जुना पत्ता होता. तो आधी बदलून घ्या, मगच अर्ज करा. कागद न मागता 'या की उद्यापासून' म्हणणारी संस्था भेटली तर जरा सावध राहा.

हमीपत्रातली फोटोची अट लोकांना जाचक वाटते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून फोन दारातल्या कपाटात ठेवायचा. केक घेऊन आलेल्या पाहुण्यांना हे सांगायचं काम हळूहळू आपल्याकडेच येतं, आणि वाईटपणाही.

५ वाजता मुली शाळेतून आलेल्या असतात. आधी खाणं. आमच्याकडे सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांची) किंवा पोहे, कधी कडक भाकरीचा चुरा आणि शेंगाची चटणी. बाल न्याय कायद्याच्या २०१६ च्या आदर्श नियमांत मुलामागे दिवसाचं मोजमाप दिलेलं आहे: धान्य ६०० ग्रॅम, डाळ १२० ग्रॅम, सकाळी दूध १५० मिली. म्हणजे २२ जणींना अडीच किलोच्या वर डाळ लागते. देणगी द्यायचीच तर हा तक्ता मागून घ्या आणि डाळ, शेंगदाणे, तेल द्या. घरून शिजवलेलं आणू नका. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर असताना रिक्षातून आलेली बासुंदी कुणालाही नको असते. ती परत कशी करायची याचंच टेन्शन येतं.

साडेपाच ते सात अभ्यास. इयत्तेप्रमाणे बसवलं की गाडी अडते, कारण सातवीतल्या मुलीला जोडाक्षर वाचता येत नसतं. मी तीन गट केले: अक्षर-शब्द, वाक्य-उतारा आणि गोष्ट वाचून सांगणाऱ्या. गट बदलायचा तो महिन्याच्या शेवटी, कुणी ऐकत नसताना एकेकीला वाचायला लावून. आमच्याकडे शहराच्या पूर्व भागातल्या मुली घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या कन्नड. 'माझं वही', 'ते पेन्सिल' हा आळशीपणा नव्हे. त्या भाषांत निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं. लाल शाईने गोल न करता 'हो, तुझी वही' असं आपण नीट म्हणायचं आणि पुढे जायचं. गणिताला चिंचोके पुरतात, दहा-दहाच्या पुरचुंड्या करून.

आता खरूज. स्वयंसेवकाने शिकावंच असं हे काम आहे, आणि नीट न केल्यामुळे आम्ही ते दोनदा केलं. पहिल्या खेपेला खाजवणाऱ्या पाचच मुलींना मलम लावलं. तीन आठवड्यांत अकरा जणी खाजवू लागल्या. कारण साधं आहे: पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायलाच दोन ते सहा आठवडे जाऊ शकतात, आणि तोवर मूल निरोगी दिसतं. म्हणून एका खोलीत झोपणाऱ्या सगळ्यांना एकाच रात्री लावायचं. गृहमाता, काळजीवाहक ताई आणि आपणही त्यात आलो.

डॉक्टरांनी ५ टक्के परमेथ्रिनचं मलम लिहून दिलं. हिशोब असा: मोठ्या मुलीला ३० ग्रॅमची एक ट्यूब, लहानीला निम्मी. आमच्या ८ मोठ्या, १४ लहान, म्हणजे १५ ट्यूब. वर आम्ही तिघी, एकूण १८. आठवड्याने दुसरी फेरी असते, म्हणजे आणखी १८. छत्तीस ट्यूब एका दुकानात मिळत नाहीत, चार दिवस आधी सांगून ठेवावं लागतं. संध्याकाळी नखं कापायची, रात्री ८ ला कोरड्या अंगावर मानेपासून तळपायापर्यंत लावायचं. चुकतात त्या जागा ठरलेल्या: बोटांच्या बेचक्या, मनगट, काखा, बेंबी, कमरेचा नाडीचा भाग, नखांखाली. जेवून हात धुतले की हातांना पुन्हा लावायचं, म्हणून जेवण आधी उरकून घ्यायचं. मोठ्या मुली स्वतः लावतात. लहानींना गृहमाता लावते आणि दुसरी कुणी मोठी समोर असते. मी एकटी दार लावून हे कधीच करत नाही, नियमही तोच आहे.

खरी अडचण सकाळी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, चार-चार दिवसांचं अंतर पडतं. लावायची रात्र ठरवताना गृहमातेने पंचांगाऐवजी पाणी सोडण्याचं वेळापत्रक काढलं. "पाणी यायच्या आदल्या रात्री लावा, नाहीतर अंगावर मलम घेऊन मुली कुठं जातील?" बरोबरच होतं. अंघोळीला बादलीभर, १५ लिटर धरले तर नुसते ३३० लिटर. तीन न्हाणीघरं, एकीला सात मिनिटं, म्हणजे तासभर रांग. साडेपाचला पहिली मुलगी आत गेली तर सगळं वेळेत होतं.

मग अंथरूण. मागच्या तीन दिवसांतले कपडे, पलंगपोस, उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुवून कडक उन्हात टाकले. पण सोलापुरी चादर? ती भिजली की एकटीला पिळवत नाही, आणि २२ चादरींना पाणी कुठून आणायचं? त्या धुवायच्याच नाहीत. खरजेचा किडा माणसाच्या अंगाशिवाय दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही. चादरी मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबून तोंड घट्ट बांधलं, वर तारीख लिहिली आणि आठवडाभर गच्चीवरच्या खोलीत टाकल्या. एवढ्याने काम झालं. हे डिसेंबरात करू नका, पांघरायला काही उरत नाही. दुसऱ्या फेरीनंतरही दोन-चार आठवडे खाज राहते. ती औषध फसल्याची खूण नाही, उगाच तिसऱ्यांदा मलम लावून कातडी सोलू नये.

उवांचं त्यामानाने सोपं. ओल्या केसांतून बारीक फणी आणि डॉक्टर सांगतील ते औषध. रॉकेल नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

एखादी मुलगी फणी फिरवतानाच काहीतरी सांगून टाकते. चेहरा दिसत नसतो म्हणून बहुधा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही. खोदून विचारायचं नाही. तिचेच शब्द त्याच दिवशी लिहून अधीक्षकांना द्यायचे. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. तक्रार संस्थेतल्याच माणसाबद्दल असेल तर थेट १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा पोलीस.

येता येणार नसेल तर ४ च्या आत फोन करायचा. मुली अक्का म्हणतात आणि दिवस मोजतात.

मे महिन्यात समितीच्या परवानगीने निम्म्या मुली नातेवाइकांकडे जातात. उरलेल्यांबरोबर उश्या उसवून कापूस उन्हात टाकायचा, चादरी मोजायच्या, तुटलेल्या चपलांची यादी करायची. जूनमध्ये मुली परत येतात त्या दिवशी मी दुपारीच जाते. व्हरांड्यात सतरंजी टाकून केस, बोटांच्या बेचक्या आणि मनगटं बघायची, आणि तोवर पिशव्या खोलीत न्यायच्या नाहीत.