शांतिसेना पदकं : माझ्या संग्रहातला काँगोचा कप्पा जवळपास पूर्ण

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेना पदकांत चकती बहुधा एकच असते. पुढे बोधचिन्ह, मागे 'इन द सर्व्हिस ऑफ पीस'. मोहीम कळते ती रिबनवरून, आणि रिबन बदलायला पाच मिनिटं पुरतात. सगळा घोळ तिथेच.

काँगो हे त्याचं उत्तम उदाहरण. 1960 साली मोहीम सुरू झाली तेव्हा पदक पॅलेस्टाइनमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांच्याच रिबनवर देत होते : निळ्या पट्ट्यावर कडेजवळ दोन बारीक पांढऱ्या रेघा, वर 'काँगो' लिहिलेली धातूची पट्टी. 1963 मध्ये स्वतंत्र रिबन आली. तिच्यात मधे रुंद हिरवा, मग पांढरा, कडेला निळा. पट्टीही बंद झाली. भारताची 99 वी ब्रिगेड तिथे 1961 ते 1963 होती, म्हणून भारतीय जवानांच्या जोड्यांत (हे पदक आणि भारताचं विदेश सेवा पदक) दोन्ही प्रकार येऊ शकतात. हिरव्या रिबनवर पट्टी दिसली तर मात्र थांबा. काही जवानांनी स्वतःच ती तशी लावलीही असेल, पण बहुतेक वेळा ते जोडकाम विक्रेत्याचं निघतं.

पदकाच्या कडेवर नाव नसतं. त्यामुळे ते कोणाचं हे सांगायला सोबतचं विदेश सेवा पदक लागतं, कारण त्याच्या कडेवर नाव कोरलेलं असतं. जोडी फोडून घेऊ नये, स्वस्त पडली तरी.

रिबन तपासायला 365 नॅनोमीटरचा अतिनील दिवा वापरावा. नवा धागा बहुधा निळसर-पांढरा चमकतो. धुण्याच्या पावडरीत धुतलेली जुनी रिबनही चमकते, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नका. शिवणीच्या आतली घडीही पाहा : तिथला रंग बाहेरच्यापेक्षा गडद हवा.

कप्प्यातल्या एका चकतीवर हिरवा चिकट थर होता. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवल्याचा तो परिणाम, कोकणातल्या दमट हवेत तर लवकर होतो. रिबन अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून कापसाच्या बोळ्यावर अॅसिटोन घेतलं, फक्त चकतीवर. रिबन अॅसिटेट रेयॉनची असेल तर एका थेंबात विरघळते. पितळेचं पॉलिश वापरूच नका. अक्षरांच्या खाचांत पांढरा गाळ राहतो आणि मूळ छटा परत येत नाही. हिरवट पूड मात्र पुसल्यावरही पुन्हा येत असेल, तर ती क्लोराइडची कीड, म्हणजे धातू खात जाणारा गंज. ते पदक लगेच वेगळं ठेवावं.

पदकं पुठ्ठ्यावर बसवताना सुती दोरा वरच्या कडीभोवती घेतला, रिबनमधून सुई नेली नाही. आधी विदेश सेवा, मग संयुक्त राष्ट्रांचं. पुठ्ठा आम्लविरहित, आत सिलिका जेलची पुडी. पावसाळ्यात ती दर महिन्याला पाहावी लागते.

बाकी आहे ते निळ्या रिबनवरचं पट्टीसह पदक. त्यानंतर सिनाईचा कप्पा. तिथे चकतीवर 'यूएनईएफ' (संयुक्त राष्ट्रांचं आणीबाणी दल) अशी अक्षरं असतात आणि रिबन वाळूच्या रंगाची, मधे निळा पट्टा, त्यामुळे फसण्याची भीती कमी.