सुपरमार्केटातला कावळा

अर्जेंटिनाला जाऊन आलास आणि साबणाच्या रॅकचे फोटो काय दाखवतोयस, असं ताईने तेव्हाच झापलं होतं. तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं, आता लिहून बघतो.

2017 चा नोव्हेंबर. ऑफिसच्या कामाने ब्यूनस आयर्सला गेलो आणि पुढे आठ दिवस सुट्टी जोडली. इग्वाझूचा धबधबा बघितला, भिजलो, भारी आहे. तिथल्या मटणा-बिफाचं जेवढं कौतुक ऐकलं होतं तेवढं काय मला झेपलं नाही, मीठ सोडून काही घालतच नाहीत, तांबडा-पांढऱ्यावर वाढलेल्या जिभेने करायचं काय. बोका नावाच्या तिथल्या फुटबॉल क्लबच्या स्टेडियमची टूर एका एजन्सीकडून घेतली, डॉलर मोजले, त्यातला अर्धा वेळ त्यांनी टी-शर्टांच्या दुकानात घालवला आणि मी पण वेंधळ्यासारखा बोकाची एक निळी-पिवळी टोपी घेऊन आलो. ही टोपी लक्षात ठेवा.

शेवटच्या शनिवारी काहीच प्लॅन नव्हता म्हणून मेट्रोची ई लाईन पकडून आवेनिदा ला प्लाता स्टेशनला उतरलो आणि चालत सुटलो. कारण एकच, सान लोरेन्सो हा फुटबॉल क्लब. पोप फ्रान्सिस ज्या क्लबचे मेंबर होते, नंबर 88235, तो. व्हॅटिकनमध्ये टीव्ही बघत नव्हते पण मॅचचा निकाल स्विस गार्डकडून कळायचा म्हणे. असा माणूस ज्या क्लबचा चाहता, त्याचं जुनं मैदान बघू म्हटलं.

मैदान नव्हतंच तिथे. तिथे सुपरमार्केट होतं, एका फ्रेंच कंपनीचं, ट्रॉल्या, पार्किंग, सगळं. हे मला वाचून माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि जिथे 75 हजार माणसं मावायची तिथे कांदे-बटाटे बघणं वेगळं.

आत गेलो, बाहेर ऊन होतं म्हणून डोक्यावर तीच टोपी. बिस्किटांच्या रांगेत एक आजोबा रिकामी ट्रॉली ढकलत आले, डोक्यावर लाल-निळी टोपी, माझ्याकडे बघून थांबले आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलले. मी फोनवरचं भाषांतराचं अ‍ॅप पुढे केलं. त्यांनी सावकाश परत सांगितलं आणि स्क्रीनवर आलं, 'मी कावळा आहे. इथे ती घालू नकोस.'

मी टोपी काढून खिशात कोंबली. घाम फुटला होता, खोटं कशाला बोलू.

कावळा म्हणजे सान लोरेन्सोवाले. मूळ गोष्ट अशी की आल्माग्रो भागातली पोरं रस्त्यावर खेळायची, एक पोरगं ट्रामखाली जाता जाता वाचलं, ते बघून लोरेन्सो मास्सा नावाच्या पाद्रीने चर्चच्या आवारात खेळायला जागा दिली, अट एकच, रविवारी प्रार्थनेला यायचं. 1 एप्रिल 1908 ला क्लब झाला. पोरांना पाद्रीचंच नाव द्यायचं होतं, ते नको म्हणाले, मग संत लोरेन्सो आणि 1813 ची सान लोरेन्सोची लढाई अशा दोन्हीवर भागवलं. पाद्रीचा काळा झगा, म्हणून चाहते कावळे. 1916 पासून बोएदो भागात हे मैदान, लोखंडी सांगाड्यावर लाकडी स्टँड, लांबून गॅसच्या टाकीसारखं दिसायचं म्हणून नाव गॅसोमेत्रो.

आजोबांनी मला हाताने खुणावून डिटर्जंटच्या रॅकपाशी नेलं आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. गोलपोस्ट इथे होता. 2 डिसेंबर 1979, शेवटची मॅच, नेमकी बोकाशीच, 0-0. सान लोरेन्सोला पेनल्टी मिळालेली, बोकाचा गोलकीपर गाटीने अडवली. आजोबांनी गाटी करून दाखवला, म्हणजे सत्तरी ओलांडलेला माणूस साबणाच्या पाकिटांसमोर झेप घेतल्याची अ‍ॅक्शन करतोय आणि शेजारी एक बाई शांतपणे फ्लोअर क्लीनर निवडतेय. मला हसू येईना आणि दुसरं काय करावं ते पण कळेना.

तेव्हा लष्करी राजवट होती, क्लब कर्जात होता, रस्ते करू घरं बांधू म्हणून जागा सोडायला लावली, त्यातलं काहीच झालं नाही आणि सुपरमार्केट मात्र आलं. 1981 ला टीम खालच्या डिव्हिजनला गेली, अर्जेंटिनाच्या मोठ्या पाच क्लबातली पहिलीच, स्वतःचं मैदान नाही, तरी 1982 ला दुसऱ्यांची स्टेडियम भाड्याने घेऊन ती तुडुंब भरवत परत वर आली. नवं मैदान 1993 ला झालं, पण ते बाहो फ्लोरेसला, बोएदोत नाही. आमच्या कोल्हापुरात एखाद्या तालमीला म्हणून बघा, टीम ठेवा पण पेठ सोडा. शाहू स्टेडियमवर काय होईल ते सांगायला नको.

2012 च्या मार्चमध्ये हे लोक प्रचंड मोर्चा घेऊन प्लासा दे मायो या शहरातल्या मुख्य चौकात गेले, नोव्हेंबरमध्ये शहराने जागा परत करायचा कायदा केला आणि मग पैसे उभे करायला चाहत्यांनी चौरस मीटरच्या हिशोबाने जागा विकत घेतली. स्वतःचीच. मधे 2014 ला लिबेर्तादोरेस ही दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची मोठी स्पर्धा जिंकून करंडक पोपना दाखवून पण आले. आजोबांनी पाकिटातून एक कागद काढून दाखवला. एक मीटर.

काय घ्यायला आलात विचारलं तर म्हणाले, काही नाही. दर शनिवारी एक चक्कर मारतो, एक पेसोचं सामान आजवर इथून घेतलेलं नाही. रिकामी ट्रॉली जाग्यावर लावून गेले. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवायची वाट बघत बसतात, हा दर आठवड्याला न चुकता येतो आणि शिवत कशालाच नाही.

माझ्या हातात अल्फाहोर या तिथल्या गोड बिस्किटांचे दोन बॉक्स होते. परत ठेवले असं लिहायला बरं वाटलं असतं, पण घेतले, एअरपोर्टवर फार महाग असतात. ताईच्या पोरांनी संध्याकाळपर्यंत संपवले.

1 जुलै 2019 ला क्लबला जागेचा ताबा मिळाला. ऑफिसात फोनवर फोटो आले, मी एकेक झूम करून आजोबांना शोधत बसलो, पण फोटोत ज्याला बघावं त्याच्या डोक्यावर तीच लाल-निळी टोपी.