ईस्टरचं संमेलन आणि एक पाठपोट कागद

गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री बॅग भरायला घेतली की आईचा पुण्याहून हमखास फोन यायचा, "यंदा संमेलन कुठं?" मी विलायतेत नोकरीला असतानाच्या या गोष्टी. आईच्या मते संमेलन म्हणजे मांडव, ग्रंथदिंडी आणि अध्यक्षांवरून भांडण. आमचं ईस्टरकॉन म्हणजे विज्ञानकथेच्या वेड्यांनी दरवर्षी ईस्टरच्या सुट्टीत एखादं हॉटेल भरून टाकायचं, एवढंच. अध्यक्ष नाही की दिंडी नाही. राबणारे सगळे फुकट राबतात, आणि पुढचं संमेलन कुणी, कुठं भरवायचं हे आलेली मंडळीच हात वर करून ठरवतात. भांडणं मात्र अगदी आपल्यासारखी!

मी पहिल्यांदा गेलो १९९२ साली, ब्लॅकपूलला. समुद्रावरून बोचरा वारा, हॉटेलात चहा पाणचट, ओळखीचं कुणी नाही. एका टेबलावर पाठपोट छापलेला एक कागद पडला होता, विज्ञानकथेच्या मंडळींचं बातमीपत्र, बारीक टायपात, समास जेमतेम. वर नाव ‘अ‍ॅन्सिबल’. वाचता वाचता मी एकटाच हसायला लागलो, तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, "पहिल्यांदाच वाचताय वाटतं." झाली ओळख.

‘थॉगचा मास्टरक्लास’ हे त्यात पुढे सुरू झालेलं सदर. छापील पुस्तकांतली फसलेली वाक्यं जशीच्या तशी उचलून द्यायची, वर एका शब्दाची टीका नाही. कुणाचे डोळे खोलीभर भटकून येतात, कुणाचे जमिनीवर पडतात. मराठीत नजर फिरते म्हणून आपण वाचलो, नाहीतर आपल्याकडेही डोळे गोळा करत फिरावं लागलं असतं. दुसरं सदर म्हणजे ‘इतर लोक आपल्याकडे कसे पाहतात’. विज्ञानकथेला नाकं मुरडणाऱ्या मोठ्या माणसांचे उद्गार त्यात असायचे. आपल्याकडे "विज्ञानकथा? म्हणजे मुलांसाठी का?" असं विचारणाऱ्यांची मला फार आठवण यायची.

हा कागद काढणारे डेव्हिड लँगफर्ड. जन्म १९५३ चा, वेल्समधल्या न्यूपोर्टचा. ऑक्सफर्डला भौतिकशास्त्र शिकले आणि ऑल्डरमॅस्टनच्या अण्वस्त्र संशोधन केंद्रात नोकरीला लागले. पाच वर्षांत ती सोडली आणि पुढे तसल्याच एका केंद्रावर विनोदी कादंबरी लिहिली. तिच्यात एक कर्मचारी अणुबॉम्बचा गाभाच चुकून घरी नेतो! ‘अ‍ॅन्सिबल’ सुरू झालं १९७९ मध्ये, ब्रायटनला विज्ञानकथेचं जागतिक संमेलन भरलं त्या वर्षी. पन्नास अंकांनंतर १९८७ ला ते थांबलं आणि १९९१ ला या पाठपोट रूपात परत आलं. म्हणजे मी पाहिलं तेव्हा कागदाचा हा दुसरा जन्म नुकताच झाला होता. नाव विज्ञानकथा-लेखिका उर्सुला ले ग्विन यांच्या कथांमधल्या यंत्राचं. कितीही प्रकाशवर्षं दूरचा निरोप त्यावर तत्क्षणी पोचतो.

आणि हे काढणाऱ्या माणसाला ऐकू कमी येतं. बारमधल्या गलक्यात कानाला यंत्र लावून उभा असलेला हा माणूस मी पाहिला तो बहुतेक दुरूनच. पण कुणाचं प्रकाशकाशी बिनसलं, कोण वारलं, कुणी कुणाला काय टोमणा मारला, सगळं पुढच्या महिन्यात त्याच्या कागदावर. कानगोष्टी ऐकायला कान लागतातच असं नाही, हे मला तिथं कळलं.

जुनी मंडळी आणखी मागचं सांगत. १९३७ च्या जानेवारीत लीड्सच्या थिऑसॉफिकल सभागृहात पहिल्यावहिल्या विज्ञानकथा संमेलनाला वीसच्या आतबाहेर माणसं जमली होती, त्यात पुढे विज्ञानकथाकार म्हणून गाजलेला तरुण आर्थर सी. क्लार्क. मग चाहत्यांच्या नियतकालिकांचे, सायक्लोस्टाइलचे दिवस, शाईनं माखलेले हात. बेलफास्टचे वॉल्टर विलिस तर खिळे जुळवून हातछपाईवर नियतकालिक काढत. त्यांच्याच कंपूतले बॉब शॉ ‘गंभीर वैज्ञानिक व्याख्यान’ देत, म्हणजे कोट्यांची माळ, आणि चेहरा मात्र शोकसभेतला. शाळेत आम्ही हस्तलिखित काढायचो, त्यामुळे हे सगळं मला फार घरचं वाटे.

लँगफर्ड यांच्या या कागदाआधीच्या, सत्तरच्या दशकातल्या नियतकालिकाचं वेल्श नाव मला आजही उच्चारता येत नाही. अर्थ कळला तेव्हा मात्र उडालोच: कृष्णविवर. त्याच दशकात, १९७४ साली, जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं कथा पाठवली होती, तिचंही नाव ‘कृष्णविवर’. हे मी बारमध्ये दोघातिघांना सांगितलं. एकाचाही विश्वास बसला नाही.

विज्ञानकथेतली मानाची ह्यूगो पारितोषिकं लँगफर्ड यांना एकोणतीस मिळाली. त्यातला उत्कृष्ट चाहता-लेखकाचा, म्हणजे हौसेनं लिहिणाऱ्याचा, मान १९८९ पासून २००७ पर्यंत सलग एकोणीस वर्षं. शेवटी शेवटी त्या गटात बाकीच्यांनी उभंच का राहावं, अशी कुजबुज चाले. २००५ ला ग्लासगोच्या जागतिक संमेलनात त्यांना दोन मिळाली, एक स्वतःला, एक कागदाला.

१९९३ चं ईस्टरकॉन जर्सी बेटावर होतं. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "बेटावर? मग राहायची सोय शाळेत का?" हॉटेलात, म्हटलं. "आणि जेवण?" मी म्हटलं, आपलं आपण. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तो कागद मिळाला तर मलाही आण. हसतोस ना फोनवर त्याचं सांगताना."

आणला. ती इंग्रजी वाचत नसे. भाषांतर करून सांगताना त्यातल्या वाक्यांची सगळी मजा जाई, तरी तो कागद घडी घालून पंचांगात ठेवलेला होता.